छायाचित्राची अदृश्य पाठ

जुन्या घरांतून भिंतीवर टांगलेली, किंवा काळ्या पानांच्या आल्बममध्ये चारही कोपऱ्यांना अडकवून ठेवलेली छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांतील एखादे हलकेच काढून उलटे केले, तर पाठीवर फिकट झालेल्या शाईत दोन-तीन ओळी आढळतात : ‘चि. दत्तूची मुंज, वैशाख शके १८७५, मुक्काम वाई.’ शेजारी छायाचित्रकाराच्या दुकानाचा शिक्का असतो. समोरच्या बाजूला केवळ चेहरे असतात. ते कोणाचे, कोणत्या प्रसंगीचे आणि कोठले, हे सांगण्याचे काम ती पाठ करीत असते. पाठ कोरी राहिली, की दोन पिढ्यांनंतर त्या चेहऱ्यांना नाव उरत नाही. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून पाहावे, एवढाच उपाय राहतो. आणि पुढे तोही राहत नाही.

छायाचित्र घेतानाच त्याची हकीकत त्याच्याबरोबर लिहून ठेवता यावी, ही कल्पना आजची नव्हे. १९१४ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने ‘ऑटोग्राफिक’ या नावाचा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या पाठीला एक चिमुकले दार असे. छायाचित्र घेतल्यावर ते दार उघडावयाचे, धातूच्या बोथट लेखणीने आतील कागदावर तारीख, स्थळ किंवा नाव लिहावयाचे आणि काही क्षण दार तसेच उघडे ठेवावयाचे. फिल्म व तिच्यामागील कागद यांच्यामध्ये एक पातळ कार्बनचा पापुद्रा असे. लेखणी जेथे दाबली जाई, तेथून प्रकाश आत शिरे, आणि फिल्म धुतल्यावर दोन चित्रांमधील कोऱ्या पट्टीत ती अक्षरे उमटत. हेन्री गेझमन नावाच्या संशोधकाची ही युक्ती होती; तिच्या हक्कांसाठी जॉर्ज ईस्टमनने त्याला तीन लक्ष डॉलर दिले. परंतु लिहिण्याचा आळस मनुष्यमात्राला सारखाच. बहुसंख्य लोक ते दार उघडीतच नसत. पुढे ही पद्धत मागे पडली.

आजच्या अंकीय कॅमेऱ्याने आणि मोबाइलने हा आळसाचा प्रश्नच निकालात काढला. तेथे लिहिणारा मनुष्य नसून कॅमेराच असतो, आणि तो न सांगता, न विसरता लिहितो. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली या नोंदींचा एक सर्वमान्य आराखडा ठरविला. त्याला ‘एक्झिफ’ असे म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी आपापल्या मनाप्रमाणे टिपणे ठेवली असती, तर एकाचे दुसऱ्याला वाचता आले नसते. म्हणून सर्वांसाठी एकच नमुना आवश्यक होता. अशा ‘माहितीविषयीच्या माहिती’ला मेटाडेटा हे नाव आहे. चित्र ही माहिती. ते केव्हा, कोठे, कशाने घेतले ही त्या माहितीविषयीची माहिती होय.

कॅमेरा काय काय लिहितो, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. कॅमेऱ्याच्या कंपनीचे आणि नमुन्याचे नाव, छायाचित्र घेतल्याचा दिवस व सेकंदापर्यंतची वेळ, पडदा सेकंदाच्या कितव्या भागापुरता उघडला होता ते, भिंगाचे छिद्र केवढे होते ते, फ्लॅश चमकला की नाही ते, आणि मोबाइलमधील स्थाननोंद चालू असेल तर त्या जागेचे अक्षांश, रेखांश आणि बहुधा समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा. यांखेरीज मूळ चित्राची एक छोटीशी प्रतिकृतीही पुष्कळ वेळा तेथेच ठेवलेली असते. हे सर्व चित्राच्या फाइलमध्ये असते. पण चित्र पडद्यावर उघडले तर यांतील एकही अक्षर दिसत नाही. जुन्या छायाचित्राला पाठ होती, ती उलटून पाहता येई. या छायाचित्राची पाठ अदृश्य आहे.

या नोंदींपैकी एक तर दररोज सर्वांच्या उपयोगी पडते, मात्र तिची दखल क्वचितच कोणी घेतो. मोबाइल उभा धरून छायाचित्र घेतले, की आतील संवेदक पट्टी आपल्या ठरलेल्या आडव्या रीतीनेच चित्र नोंदविते. मोबाइल बहुधा चित्र फिरवीत बसत नाही. ‘दाखविताना पाव फेरा उजवीकडे वळवावे’ एवढा संकेत लिहून मोकळा होतो. हा संकेत म्हणजे १ ते ८ यांपैकी एक अंक. १ म्हणजे जसे आहे तसे, ३ म्हणजे उलटे करावे, ६ म्हणजे पाव फेरा उजवीकडे. एखाद्या जुन्या संगणकावर हा अंक न वाचणारा प्रोग्राम असेल, तर खुर्चीवर ताठ बसलेल्या आजीबाई भिंतीवर आडव्या झालेल्या दिसतात! दोष चित्राचा नसतो, वाचणाऱ्याचा असतो.

आता या नोंदी फाइलमध्ये असतात कशा, ते पाहू. कारण त्या बदलताना काय जपावे लागते, हे त्यावाचून समजणार नाही. संगणकाची कोणतीही फाइल म्हणजे अंकांची एक लांबच लांब रांग असते. रांगेतील प्रत्येक घराला बाइट म्हणतात आणि त्यात ० पासून २५५ पर्यंतची एक संख्या मावते. नेहमीच्या जेपेग प्रकारच्या छायाचित्राची रांग २५५ आणि २१६ या दोन अंकांनी सुरू होते. त्यानंतर २५५ आणि २२५ ही जोडी आली, की संगणकाने समजावे : येथून चित्र नव्हे, टिपण सुरू होत आहे. मग त्या टिपणाची लांबी, नंतर ‘एक्झिफ’ या नावाची चार रोमन अक्षरे आणि दोन शून्ये. टिपणाची लांबी लिहिण्यास दोनच घरे ठेवलेली असल्यामुळे असा एक विभाग ६४ किलोबाइटांहून मोठा होऊ शकत नाही. चित्राचा मोठा पसारा याच्या पुढे असतो.

यानंतर एक गमतीची खूण येते. रोमन लिपीतील ‘आय’ हे अक्षर दोनदा, किंवा ‘एम’ हे अक्षर दोनदा लिहिलेले असते. मोठी संख्या एका घरात मावत नाही, ती दोन किंवा चार घरांत मांडावी लागते. तेव्हा लहान भाग आधी मांडावयाचा की मोठा, हे त्या खुणेवरून कळते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. दोन्ही बरोबरच, परंतु बोलणारा कोणत्या रीतीने बोलत आहे, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. ‘आय-आय’ म्हणजे इंटेल कंपनीच्या यंत्रांची रीत : लहान आधी, आपल्या पंचविसासारखी. ‘एम-एम’ म्हणजे मोटोरोला कंपनीच्या यंत्रांची रीत : मोठा आधी. चुकीच्या रीतीने वाचल्यास सगळ्या संख्या भलत्याच होतील, म्हणून लागलीच पडताळ्यासाठी ४२ हा अंक लिहिलेला असतो. तो ४२ असाच वाचता आला, तर रीत बरोबर.

पुढे खऱ्या नोंदी येतात. प्रत्येक नोंदीला १२ बाइटांची जागा दिलेली असते आणि प्रत्येकीवर नावाऐवजी एक क्रमांक असतो. २७१ म्हणजे कॅमेऱ्याची कंपनी, २७२ म्हणजे त्याचा नमुना, २७४ म्हणजे वर सांगितलेला वळविण्याचा अंक, ३१५ म्हणजे छायाचित्रकाराचे नाव, ३६८६७ म्हणजे मूळ चित्र घेतल्याची वेळ. एखाद्या जुन्या कचेरीतील दफ्तराच्या कप्प्यांवर असे क्रमांक घातलेले असत. या बारा घरांपैकी नोंदीचे मूल्य लिहिण्यास चारच घरे मिळतात. अंक लहान असेल तर तो तेथेच मावतो. पण तारीख व वेळ लिहिण्यास १९ अक्षरे आणि शेवटचे एक शून्य, अशी २० घरे लागतात. मग त्या चार घरांत तारखेऐवजी तिचा पत्ता लिहितात : ‘आरंभापासून अमुक घरे मोजा, तेथे तारीख सापडेल.’ म्हणजे हे टिपण नुसती यादी नव्हे; त्यात पत्ते आहेत, आणि पत्ते असले की ते चुकण्याची भीती आलीच.

हे सर्व कॅमेऱ्याने आपोआप लिहिले असताना ते बदलण्याचे कारण काय, असा प्रश्न सहज पडेल. कारण असे की, कॅमेरा न विसरता लिहितो हे खरे, पण तो खरेच लिहितो असे नाही. त्याला जे सांगितलेले असते, तेच तो लिहितो.

घड्याळाचेच पाहावे. समजा, जपानहून आणलेल्या कॅमेऱ्यातील घड्याळ तेथील वेळेवरच राहिले आणि तो घेऊन विद्यार्थ्यांची सहल रायगडावर गेली. जपानची वेळ भारताच्या वेळेपेक्षा साडेतीन तास पुढे. सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी जगदीश्वराच्या मंदिरापाशी घेतलेल्या छायाचित्रावर १० वाजून १० मिनिटे अशी वेळ पडली. सोबत दुसऱ्या कोणाचा मोबाइल होता, त्याची वेळ अचूक. परत आल्यावर दोघांची छायाचित्रे एकत्र करून काळानुक्रमे लावली, तर मंडळी सकाळी मंदिरात, मग नऊ वाजता गड उतरू लागलेली आणि दहा वाजता पुन्हा मंदिरात दिसू लागतात. येथे दुरुस्ती करावयाची ती एकेका चित्रावर अंदाजाने नव्हे. दोन्ही उपकरणांनी एकाच क्षणी टिपलेला एखादा प्रसंग शोधावा, किंवा ज्या चित्रात घड्याळाची तबकडी स्पष्ट दिसते असे चित्र घ्यावे. त्यावरून फरक काढावा आणि त्या कॅमेऱ्याच्या सर्वच चित्रांतून तेवढा काळ वजा करावा. चूक सर्वत्र सारखी असल्यामुळे दुरुस्तीही सर्वत्र सारखी होते. या आराखड्यात वेळ कोणत्या देशाची, हे लिहिण्याची सोयच पुष्कळ वर्षे नव्हती. ती २०१६ सालच्या आवृत्तीत आली.

स्थळाची नोंद याहून नाजूक असते. अक्षांश हे अंश, कला आणि विकला अशा तीन संख्यांत लिहिलेले असतात, आणि ते उत्तर की दक्षिण, हे वेगळ्याच कप्प्यात एका अक्षराने सांगितलेले असते. रेखांशाचेही तसेच. एक विकला म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. यावरून या नोंदीची अचूकता ध्यानात येईल. पण हाताने दुरुस्ती करताना ते एक अक्षर चुकले तर? रायगड १८ अंश १४ कला उत्तर आणि ७३ अंश २६ कला पूर्व येथे आहे. उत्तरेच्या ठिकाणी दक्षिण पडले, तर महाराजांची राजधानी मॉरिशसच्याही पूर्वेला हिंदी महासागराच्या भर पाण्यात जाते. आणि पूर्वेच्या जागी पश्चिम पडले, तर ती थेट कॅरिबियन समुद्रात, हैती देशाच्या दक्षिण किनाऱ्यापाशी जाऊन बसते. आकडा एकही बदललेला नसतो.

परंतु दुरुस्तीची खरी निकड भासते, ती जुन्या कागदी छायाचित्रांच्या बाबतीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. समजा, त्या दिवसाची काही छायाचित्रे एखाद्या शाळेच्या कपाटात आहेत आणि २०१९ साली कोणी उत्साही शिक्षकाने ती स्कॅनरवर घालून संगणकात उतरविली. स्कॅनर बिचारा काय जाणे? तो लिहितो २०१९. पन्नास वर्षांनंतर ती फाइल ज्याच्या हाती पडेल, तो पुराचे वर्ष २०१९ समजेल, किंवा अधिक चिकित्सक असेल तर हे चित्र बनावट आहे असा निर्णय देईल. दोन्ही अनर्थच. म्हणून या आराखड्यात तीन निरनिराळ्या तारखा ठेवलेल्या आहेत : मूळ दृश्य टिपले गेले ती, त्याचे अंकांत रूपांतर झाले ती, आणि फाइल शेवटी बदलली गेली ती. पहिल्या कप्प्यात १२ जुलै १९६१ आणि दुसऱ्यात २०१९ असे लिहिले, म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या राहतात. येथे नोंद न बदलणे हेच असत्याला वाव देणे ठरते.

नेमका दिवस ठाऊक नसेल, तर मात्र अडचण येते. ‘१९५० च्या सुमारास’ असे घरातील मोठी माणसे सांगतात. पण एक्झिफला पूर्ण तारीख हवी असते. अशा वेळी पुष्कळ लोक १ जानेवारी १९५० असे लिहून टाकतात. ही सवय वाईट. पुढच्या वाचणाऱ्यास ती खरीच तारीख वाटते. अडोबी कंपनीने २००१ साली ‘एक्सएमपी’ नावाची दुसरी एक नोंदपद्धती प्रचारात आणली. तीत केवळ वर्ष लिहिण्याची मुभा आहे. त्याच पद्धतीत देवनागरीतही मजकूर लिहिता येतो. एक्झिफमधील मजकुराचे बहुतेक कप्पे मुळात साध्या रोमन अक्षरांपुरतेच होते. जगातील सर्व लिप्यांना तेथे मोकळेपणाने प्रवेश मिळाला तो २०२३ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. यामुळे मराठी नावे आणि मराठी ओळी लिहावयाच्या असतील, तर आजही एक्सएमपी अधिक भरवशाची. वृत्तपत्रांसाठी याखेरीज आणखी एक पद्धती आहे. १९६५ साली लंडन येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वृत्त-दूरसंचार परिषदेने ठरविलेल्या कप्प्यांत छायाचित्रकाराचे नाव, स्थळ, चित्राखालील ओळ आणि श्रेय या गोष्टी लिहितात. छायाचित्रावर उपजीविका असणाऱ्याला आपले नाव तेथे असणे किती महत्त्वाचे, हे सांगावयास नको.

नोंदी बदलण्याची साधने अनेक आहेत. विंडोज प्रणालीत फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात काही नोंदी वाचता येतात, थोड्या बदलता येतात आणि वैयक्तिक माहिती काढूनही टाकता येते. यापेक्षा समर्थ साधन म्हणजे ‘एक्झिफटूल’. फिल हार्वी या कॅनेडियन गृहस्थांनी २००३ साली ते प्रथम प्रसिद्ध केले आणि आजही ते विनामूल्य मिळते. त्यात सुंदर बटणे नाहीत. आज्ञा अक्षरांत लिहावी लागते. परंतु सहलीच्या शेकडो चित्रांतून साडेतीन तास वजा करावयाचे, तर एका ओळीत काम होते. चांगल्या साधनाची खूण ही, की ते चित्राच्या भागाला हात लावीत नाही. चित्र रंगकामाच्या प्रोग्राममध्ये उघडून पुन्हा साठविले, तर जेपेगची घडी नव्याने घातली जाते आणि दर वेळी चित्र किंचित निकृष्ट होते. केवळ टिपण बदलले, तर चित्रातील एक ठिपकाही हलत नाही.

तरीसुद्धा धोका आहेच, आणि तो पत्त्यांचा. प्रत्येक कंपनी आपल्या कॅमेऱ्याची काही खाजगी टिपणे एका स्वतंत्र कप्प्यात ठेवते. त्यांची भाषा ती कंपनीच जाणते. या खाजगी टिपणांच्या आतही ‘आरंभापासून इतकी घरे मोजा’ असे पत्ते असतात. आधीच्या एखाद्या कप्प्यात लांब नाव लिहिले, की पुढील सगळा भाग सरकतो. साधन जाणते नसेल, तर घर हलते आणि पत्ता जुनाच राहतो. चित्र उत्तम उघडते, कोणास काही बिघडल्याचे कळत नाही, आणि भिंगाविषयीची मौल्यवान माहिती मात्र कायमची वाचण्यापलीकडे जाते. एक्झिफटूल कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ फाइल नावापुढे ‘ओरिजिनल’ हा शब्द जोडून तशीच बाजूला ठेवते, ते याचसाठी. जागा वाचविण्याच्या घाईत लोक ती मूळ फाइल आधी पुसतात, हा भाग निराळा.

आतापर्यंत नोंद सुधारण्याचा विचार झाला. काही वेळा ती पुसावी लागते. जॉन मॅकॅफी हा संगणक-विषाणू रोखणाऱ्या प्रोग्रामसाठी प्रसिद्ध असलेला उद्योजक २०१२ साली मध्य अमेरिकेतील बेलीझ देशात राहत होता. शेजाऱ्याच्या खुनासंबंधी तेथील पोलिसांना त्याची चौकशी करावयाची होती. तो निसटला आणि लपून राहिला. एका नियतकालिकाचे पत्रकार त्याच्यासोबत होते. त्यांनी ३ डिसेंबर २०१२ रोजी त्याचे मोबाइलवर घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. त्या चित्राच्या अदृश्य पाठीवर अक्षांश-रेखांश जसेच्या तसे होते, आणि ते ग्वाटेमाला देशातील एका ठिकाणाचे होते. वाचकांनी ते काही वेळातच शोधून काढले. मॅकॅफीने प्रथम सांगितले, की ते आकडे आपण मुद्दाम बदलले होते. मग कबूल केले, की ते खरेच होते. ५ डिसेंबर रोजी ग्वाटेमालाच्या पोलिसांनी बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला ताब्यात घेतले. संगणकाच्या सुरक्षेवर ज्याने नाव कमावले, त्याचा ठावठिकाणा अशा क्षुल्लक नोंदीने उघड व्हावा, हा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

याहून गंभीर प्रसंग अमेरिकी सैन्याने २०१२ साली आपल्या सैनिकांना सावध करताना सांगितला. २००७ साली इराकमधील एका तळावर नवी हेलिकॉप्टरे आली. काही सैनिकांनी त्यांची छायाचित्रे घेऊन इंटरनेटवर ठेवली. चित्रांतील स्थाननोंदींवरून शत्रूला हेलिकॉप्टरांची नेमकी जागा समजली, आणि उखळी तोफांच्या माऱ्यात चार ‘अपाची’ हेलिकॉप्टरे नष्ट झाली. आफ्रिकेतील अभयारण्यांतही गेंड्यांची छायाचित्रे घेणाऱ्या प्रवाशांना स्थाननोंद बंद ठेवण्यास सांगितले जाते. शिंगासाठी शिकार करणाऱ्यांना वाटाड्या आयता मिळू नये म्हणून. घराच्या अंगणात घेतलेल्या बालकाच्या छायाचित्रातही त्या घराचा पत्ता तीस-एक मीटरांपर्यंत लिहिलेला असू शकतो, ही गोष्ट घरातील थोरांच्या सहसा ध्यानात येत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यास स्थान जाणण्याची दिलेली परवानगी काढून घेतली, की पुढील चित्रांत ही नोंद पडत नाही. आधीच्या चित्रांतून ती वेगळी पुसावी लागते. व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमीच्या रीतीने धाडले, तर बहुतेक नोंदी वाटेतच गळून पडतात. तेच चित्र दस्तऐवज म्हणून धाडले, तर सर्व नोंदी शाबूत पोहोचतात. एकीकडे ही सोय आहे, दुसरीकडे तोटा. घराचा पत्ता जातो हे बरे; पण छायाचित्रकाराचे नाव आणि प्रसंगाची तारीखही त्याबरोबर जाते. कुटुंबाच्या संग्रहासाठी छायाचित्रे मागवावयाची असतील, तर ती दस्तऐवज म्हणूनच मागवावीत.

राहता राहिला तो फसविण्याच्या हेतूने नोंद बदलण्याचा प्रकार. तो अवघड नाही, आणि म्हणूनच केवळ चित्रातील तारखेवर विश्वास ठेवून कोणी कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवू नये. पण खोटे लिहिणाऱ्याची पंचाईत ही, की तीच गोष्ट चित्रात अनेक ठिकाणी लिहिलेली असते. सायंकाळी पाच वाजता घेतलेले छायाचित्र सकाळी दहाचे भासवावयाचे म्हणून त्याने वेळेचा कप्पा बदलला. पण उपग्रहावरून मिळालेली वेळ स्थाननोंदीच्या कप्प्यात निराळी असते, आणि ती जागतिक प्रमाणवेळेत साडेअकरा अशी असते. भारतीय वेळेत ते पाच वाजलेच. एक्सएमपीमध्ये तारखेची आणखी एक प्रत असू शकते. छोटी प्रतिकृती १६० गुणिले १२० ठिप्क्यांचीच असली, तरी काही प्रोग्राम मोठे चित्र कापताना ती तशीच सोडतात, आणि कापून टाकलेला मनुष्य तेथे उभा दिसतो. एवढ्यावर भागले नाही, तर चित्रातील सावल्या कोणत्या दिशेला पडल्या आहेत, हे सांगावयास सूर्य आहेच.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशी इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयापुढे मांडताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व अंकांवर ठराविक गणित करून काढलेला तिचा ठसा. चित्रातील एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो, आणि अदृश्य टिपणातील एक अक्षर बदलले तरीही बदलतो. अपघाताचे छायाचित्र घेणाऱ्याने घड्याळाची चूक सद्हेतूने दुरुस्त केली, तरी ती फाइल आता मूळ फाइल राहत नाही. अशा चित्राची मूळ प्रत जशीच्या तशी ठेवून चूक काय आहे, ते वेगळ्या कागदावर लिहून द्यावे. त्याचप्रमाणे १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली घातलेल्या ६५ ब या कलमान्वये, कर्त्याचे नाव किंवा हक्काची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढणे वा बदलणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा अपराध आहे. दुसऱ्याचे छायाचित्र घेऊन त्याच्या पाठीवरील नाव खोडणाऱ्यास ‘मी चित्राला हात लावला नाही’ असे म्हणून सुटता येत नाही.

टिपण बदलता येते, ही अडचण दूर करण्यासाठी २०२१ साली अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदी संस्थांनी एकत्र येऊन ‘सीटूपीए’ नावाचा नवा आराखडा हाती घेतला. यात कॅमेरा चित्र आणि नोंदी या दोहोंचा मिळून ठसा काढतो आणि आपल्या आत दडविलेल्या गुप्त किल्लीने त्यावर मोहोर उठवितो. पूर्वी लखोट्यावर लाखेची मुद्रा करीत, तसाच हा प्रकार. पुढे कोणी तारीख बदलली, तर मोहोर जुळत नाही. आणि प्रामाणिकपणे बदलली असेल, तर बदलणाऱ्याची नवी मोहोर जुनीच्या शेजारी उठते, म्हणजे काय बदलले त्याची मालिकाच तयार होते. जर्मनीच्या लायका कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशी मोहोर उठविणारा पहिला कॅमेरा विक्रीस आणला. त्याच्या मर्यादाही आहेत. कॅमेऱ्यासमोर मुद्दाम उभा केलेला देखावा खरा की खोटा, हे ती मोहोर सांगू शकत नाही. कॅमेऱ्याने तो टिपला, एवढेच ती सांगते. आणि मोहोर उठविलेले चित्रही नोंदी गाळणाऱ्या संदेशमार्गाने धाडले, तर इतर टिपणांबरोबर ती मोहोरही बहुधा वाटेतच गळून जाते.